सव्वाशे तोंडं

गणिताने मला आयुष्यात कधी त्रास दिला नाही. मी त्याच्या वाटेला गेलो नाही, ते माझ्या वाटेला आलं नाही. दहावीला आम्ही पस्तीस गुणांवर एकमेकांचा निरोप घेतला आणि पुढे मी मराठीचा शिक्षक झालो. आता जिंतूरच्या एका शाळेत वर्षानुवर्षं समास सोडवतो. समासात टक्के नसतात, हा समासाचा मोठा गुण आहे. तो पाठ्यपुस्तकात दिलेला नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

अडचण सुरू झाली ती मुलीने बँकेच्या परीक्षेची तयारी सुरू केल्यावर. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारची अर्धी शाळा आटोपून मी घरी आलो होतो आणि पेपर तोंडावर घेऊन वामकुक्षीच्या बेतात होतो. तेवढ्यात ती जाडजूड पुस्तक घेऊन समोर उभी राहिली.

"पप्पा, हे बघा ना जरा. डोकं चालंना माझं."

मुलीचं डोकं चालेनासं होणं आणि तिने बापाकडे येणं, हा योग बारावीनंतर पहिल्यांदाच येत होता. मी पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि प्रश्न वाचला.

एका संग्रहालयाला शनिवारी दोनशे लोकांनी भेट दिली. त्यांपैकी तीस टक्के लोक रविवारी पुन्हा आले. रविवारी आलेल्यांपैकी चाळीस टक्के लोक शनिवारीही येऊन गेलेले होते. तर दोन दिवसांत एकूण किती वेगवेगळ्या लोकांनी संग्रहालय पाहिले? खाली चार पर्याय: (अ) एकशे चाळीस, (ब) दोनशे दहा, (क) दोनशे नव्वद, (ड) साडेतीनशे.

मी पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. शिक्षकाने एखादी गोष्ट तीनदा वाचली की समोरच्याला वाटतं, तो विचार करतोय. या एका गैरसमजावर आमच्या पेशाची बरीचशी इज्जत टिकून आहे. मी खरं म्हणजे असा विचार करत होतो की, लागोपाठ दोन दिवस संग्रहालय बघायला जाणारे हे साठ-सत्तर लोक कोण, आणि यांना घरी काही कामधंदा आहे की नाही.

"छपाईची चूक आहे," मी म्हणालो.

"कुठं?"

"अगं, परत आलेली माणसं तीच ना? मग आधी तीस टक्के म्हणतो आणि पुढच्याच ओळीत चाळीस म्हणतो. प्रश्न काढणारा आपल्याच शब्दावर ठाम नाही."

"पण पप्पा, खाली लागोपाठ पाच प्रश्न असेच आहेत."

"मग पाचही चुकलेत."

मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि प्रश्नाशेजारी सुवाच्य अक्षरात 'छपाईदोष' असं लिहून टाकलं. अक्षर माझं चांगलं आहे. त्यामुळे माझी चूकही वाचायला बरी वाटते.

ती काही हलेना. "चूक तर चूक. परीक्षेत असंच आलं तर काय लिहू?"

आता बापपणाचा प्रश्न होता. मी तीस आणि चाळीस एकत्र केले, सत्तर आले. दोनशेचे सत्तर टक्के म्हणजे एकशे चाळीस. पर्यायांकडे पाहिलं, तर पहिलाच पर्याय एकशे चाळीस! उत्तर जणू माझी वाटच बघत बसलं होतं. मी 'अ'भोवती गोल केला. तिने पुस्तकाच्या शेवटी जाऊन उत्तर पाहिलं. तिथे 'क' छापलं होतं.

"बघ," मी म्हणालो, "उत्तरातही छपाईदोष."

आज मला कळतं की प्रश्न काढणाऱ्याने तो 'अ' खास माझ्यासाठी ठेवला होता. त्याने मला कधी पाहिलं नाही, तरी तो मला पुरता ओळखून होता. पण त्या दुपारी मी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला कंदुरी होती. सासुरवाडी जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या रस्त्यावर, धरणाच्या अलीकडे. कंदुरी म्हणजे पीराला बोललेला नवस. आमच्या भागात हा नवस हिंदूही तितक्याच भक्तीने बोलतात, आणि फेडताना तर भक्तीबरोबर भूकही येते. पीराच्या माळावर बोकड कापायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच पंगती उठवायच्या. मुख्य नियम असा की त्यातली एक फोडही घरी न्यायची नाही. उरलं तर खड्डा करून पुरायचं. म्हणजे कमी पडलं तर गावात नाक जातं आणि उरलं तर डोळ्यांदेखत मटण मातीत जातं. यातलं दुसरं दुःख मोठं, असं माझं वैयक्तिक मत आहे.

हा नवस माझ्या सासऱ्यांनी बोलला होता. पावसाळ्यात सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ते लांबलं. डॉक्टर आत, आम्ही बाहेर. माझे सासरे तसे अबोल गृहस्थ. माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी 'बरं' हा एकच शब्द वापरला होता. पण त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यांनी मोठ्याने म्हटलं, "ही धडधाकट घरी आली, तर माळावर सव्वाशे माणसं जेवू घालीन." सासूबाई घरी आल्या. पंधरा दिवसांत त्यांची जीभ पूर्वपदावर आली. उरलं शरीर महिनाभराने आलं. आणि सासऱ्यांच्या मनात तेवढी एकच गोष्ट उरली: सव्वाशे म्हणजे सव्वाशे. एक जरी कमी भरला तर? पुढचं वाक्य ते पुरं करत नसत. सासूबाई ज्या खोलीत असतील तिकडे नुसतं बघत.

तर अशा नाजूक कामाची मोजदाद त्यांनी कुणाकडे द्यावी? माझ्याकडे. सासऱ्यांच्या लेखी सर म्हणजे सर. कोण मराठीचे, कोण गणिताचे, ही शहरी थेरं.

"सर, मोजायचा जिम्मा तुमचा," ते म्हणाले. "घरचं माणूस धरायचं न्हाई. बाकी एक न् एक तोंड मोजा."

"बिनघोर राहा, मामा," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्यांची सुरुवात या वाक्याने झालेली आहे.

"आन् मला कशात धरता?" मी विचारलं. "घरचा, का पाहुणा?"

"जावई पाव्हणाच," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. तो त्या दिवशी किती टिकला, ते पुढे येईलच.

दुपारी पहिली पंगत बसली. मी पाहुणा असल्यामुळे मला वरच्या टोकाला, पीराच्या कडुलिंबाखाली बसवलं. मोजणाऱ्याने बसू नये, उभं राहून मोजावं, हे मला पटत होतं. पण समोर रस्सा आला आणि पटेनासं झालं. मोजायची सोपी युक्ती मी आधीच काढली होती: पत्रावळ्या मोजायच्या. पहिल्या पंगतीला ऐंशी पत्रावळ्या लागल्या.

मग दुसरी पंगत. आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पाहुण्याला एकटं जेवायला बसवत नाहीत. उशिरा आलेला माणूस लाजतो, पोटभर खात नाही. म्हणून आधी जेवून उठलेल्यांपैकी कुणीतरी त्याच्या शेजारी साथीला बसतो. आणि साथीला बसणाऱ्याने हात बांधून बसलेलं चालत नाही. तो पाहुण्याचा अपमान. त्यानेही जेवायचं. थोडक्यात, दुसऱ्यांदा मटण खाण्याला आमच्याकडे माणुसकी म्हणतात. माळावर त्या दिवशी माणुसकीला नुसता ऊत आला होता. जो येईल त्याला कुणीतरी म्हणायचं, "बसा हो, मी हाय की साथीला," आणि म्हणणाऱ्याच्या मिशीला पहिल्या पंगतीचा रस्सा तसाच असायचा.

मलाही हाक आली. येलदरीहून एक वयस्क मच्छीमार आले होते, सासऱ्यांचे जुने स्नेही. "सर, तुमी बसा यांच्या साथीला." मी बसलो. मोठ्या माणसाचा शब्द मोडवत नाही, आणि बोकडही चांगलं होतं.

दुसऱ्या पंगतीला साठ पत्रावळ्या लागल्या. मी हात धुतले आणि मोठ्या थाटात जाहीर केलं, "मामा, ऐंशी आणि साठ. एकशे चाळीस! सव्वाशे होऊन वर पंधरा."

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिनेच तोंड पुसलं आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसले. पावसाळ्यापासून हा माणूस आज पहिल्यांदा टेकला, असं वाटलं.

टेकले ते जेमतेम चहा येईपर्यंत. पीराची देखभाल करणारे मुलाणी चाचा शेजारीच बसले होते. ते दात कोरत म्हणाले, "मालक, तुम सव्वाशे माणसं बोले थे, के सव्वाशे पत्रावळ्या?"

"माणसं."

"तो फिर मुंह गिनने का. पत्रावळ्या गिनके क्या होता? ये सरच दो बखत बैठे."

तमाम माळ माझ्याकडे बघायला लागला. सासरे उठून उभे राहिले. "किती लोक दोनदा बसले रे?" त्यांनी माझ्या मेहुण्याला विचारलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो दोन्ही पंगतींत वाढायला होता.

"पहिल्या पंगतीतला चौथाई माणूस तरी परत बसला बघा, दादा."

"तेवढाच न्हाई," माझी बायको म्हणाली. ती पाणी वाढत होती. "दुसऱ्या पंगतीत मी बघितलं की. तिघात एक आधी जेवलेला. पाणीसुदिक ओळख दाखवून मागायलेत."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले, पण वेगळ्या नजरेने. चौथाई, तिघातला एक, हे गावाला कळतं. त्याचे टक्के करणं हे सरांचं काम. मी मोबाइल काढला. चौथाई म्हणजे पंचवीस टक्के. तिघातला एक म्हणजे तेहतीस टक्के. कालचा सराव ताजा होता. दोन्ही एकत्र केले, अठ्ठावन्न टक्के. एकशे चाळिसाचे अठ्ठावन्न टक्के एक्क्याऐंशी. ते वजा केले. मोबाइलने चुकीच्या प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर दिलं.

"मामा," मी खालच्या आवाजात म्हणालो, "वेगवेगळी माणसं फक्त एकोणसाठ भरतात. सहासष्ट कमी आहेत."

इथे वाचकाला एक गोष्ट दिसली असेल. पहिल्या पंगतीलाच ऐंशी माणसं जेवून गेली होती. ती मी स्वतः पत्रावळ्यांवरून मोजली होती. ऐंशी जेवलेल्या ठिकाणी एकूण एकोणसाठ कशी होतील? वाचकाला दिसली, पण माळावर उभ्या असलेल्या एकाही माणसाला दिसली नाही. शिकलेल्या माणसाने मोबाइल बघून आकडा सांगितला की आपल्याकडे लोक आकड्याकडे बघत नाहीत, सांगणाऱ्याच्या चष्म्याकडे बघतात.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "सहासष्ट," ते नुसतं म्हणाले. मग गावाच्या दिशेला बघितलं. सासूबाई अजून घरीच होत्या. उन्हाचा त्रास नको म्हणून त्यांना मागून आणायचं ठरलं होतं, आणि माझी मुलगी त्यांच्याजवळ थांबली होती. "ती यायच्या आत सव्वाशे झाले पाहिजेत. अर्धवट नवसाच्या जागी तिला आणायची न्हाई मला."

मग जे झालं त्याला धावपळ म्हणणं कमी पडेल. मेहुणा रस्त्यावर जाऊन आडवा उभा राहिला. येलदरीकडे निघालेली एक काळीपिवळी जीप त्याने थांबवली. जीप दहा जणांची होती, म्हणजे त्यातून सतरा निघाले.

"काय झालं? अपघात हाय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"न्हाई, मटन हाय."

"कुनाचं?"

"नवसाचं. उतरा समदे. तिकिटाचं मागून बघू."

एवढ्या संक्षिप्त आमंत्रणावर आख्खी जीप उतरलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. मागून कापूस वेचणाऱ्या बायांचा टेम्पो आला. त्यांनी आधी "आमचा मुकादम वरडंल," असं म्हटलं आणि मग मुकादमच पहिला उतरला. आसपासच्या शेतांतल्या आखाड्यांवरची, म्हणजे शेतघरांवरची, माणसं हाका मारून आणली. ओढ्याच्या बाजूला मेंढरं घेऊन चार जण निघाले होते, त्यांनाही गाठलं. त्यातला म्हातारा म्हणाला, "जेवायला ना कशाला म्हणू, मालक? पण मेंढरं कोन बघील?"

सासऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे कामात होते. दोनदा जेवून एकच माणूस मोकळा उभा होता.

"सर बघतील," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने आपली काठी माझ्या हातात दिली, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "कापसात शिरू दिऊ नका. बाकी ती शहाणी हायेत." बाकी कुणाबद्दल बोलला नाही, तो त्याचा भलेपणा.

तर अशा रीतीने मी ओढ्याकाठी मेंढरं राखत उभा होतो, आणि तिकडे तिसरी पंगत बसत होती. गावाकडून रिक्षा आली. सासूबाई सावलीला उतरल्या आणि मुलगी माझ्याकडे पळत आली.

"पप्पा! मम्मी म्हणायलीय की एकोणसाठच माणसं झाली?"

"दुर्दैवाने."

"कुणी सांगितलं?"

मी काठी दुसऱ्या हातात घेतली. "हिशेब तसा निघतो."

"अहो, पहिल्या पंगतीतच ऐंशी होती ना? सगळी मिळून त्याच्याहून कमी कशी होतील?"

मी मेंढरांकडे बघितलं. त्यांच्याकडूनही काही सुचवणी आली नाही.

"काय काय मिळवलं तुमी? सांगा बरं."

मी सांगितलं. मेहुण्याचे पंचवीस आणि बायकोचे तेहतीस, अठ्ठावन्न.

ती मग म्हणाली, "तुमी किती वेळा जेवलात?"

"दोनदा. साथीला बसलो होतो, उगीच काही..."

"ते राहू द्या. पहिल्या पंगतीत ऐंशी माणसं, त्यातले तुमी एक. दुसरीत साठ, त्यातलेबी तुमी एक. म्हणून काय तुमी दोन माणसं झालात?" तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सभ्यपणाने नजर दुसरीकडे वळवली. "ऐंशीची चौथाई किती?"

"वीस."

"साठात तिघातला एक म्हणजे?"

"वीस."

"मग! मामा पहिल्या पंगतीतून बघून सांगायलाय, मम्मी दुसऱ्या पंगतीतून. पण दोघं त्याच वीस जणांचं सांगायलेत. तुमी ते एकच वीस दोनदा धरलेत. आन् वरून टक्के मिळवून एकशे चाळिसाला लावलेत."

"तेच लोक असतील तर टक्के वेगवेगळे का?" मी विचारलं. हे मी हट्टाने विचारलं नाही. मला खरोखरच कळत नव्हतं.

"माणसं तीच. गर्दी वेगळी. मोठ्या गर्दीत वीस जण थोडे दिसतात, लहान गर्दीत जास्त दिसतात." एवढं बोलून ती एकदम थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "थांबा, थांबा. दोनशेचे तीस टक्के, साठ. तेच साठ जण रविवारच्या गर्दीत चाळीस टक्के. साठ म्हणजे चाळीस टक्के, तर रविवारी दीडशे. दोनशे आन् दीडशे, साडेतीनशे. त्यातले साठ दोन्हीकडं मोजलेत, ते एकदा काढायचे. दोनशे नव्वद! पप्पा, क!"

हा 'क' ती इतक्या जोरात ओरडली की मेंढरं उधळली आणि सरळ कापसात शिरली. शहाणी असल्याचा जो दाखला म्हाताऱ्याने दिला होता, तो माझ्या राज्यात टिकला नाही. आम्ही बापलेक कापसातून मेंढरं हाकत होतो आणि ती मला विचारत होती, "म्हणजे इथं किती झाले? एकशे चाळीसमधून वीस काढा."

"एकशे वीस."

"म्हणजे पाच कमी होते. पाच! सहासष्ट न्हाई."

पाच माणसं. तेवढी तर नुसत्या जीपच्या टपावर बसलेली होती. मी काठी तिच्या हातात दिली आणि माळाकडे धावलो.

माळावर वेगळंच संकट उभं होतं. दोन बोकडं सव्वाशेच्या अंदाजाने कापलेली, त्यातून माणुसकीने आधीच बराच मोठा घास घेतलेला. आता साठाच्या वर माणसं पत्रावळ्या मांडून बसली होती आणि पातेल्यात उरलेलं मटण तिशीला कसंबसं पुरेल इतकं. पाहुणा पानावर बसलाय आणि वाढणाऱ्याचा पळा पातेल्याच्या बुडाला खडखडतोय, याच्याइतकी वाईट गोष्ट आमच्याकडे दुसरी नाही. सासरे स्वतः चुलीजवळ उभे होते.

"मामा, पाचच कमी होते," मी धापा टाकत म्हणालो. "एकशे वीस झाले होते."

"कोन म्हणतं?"

"पोरगी. तिने बरोबर काढलंय."

सासऱ्यांनी त्या सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. जीपवाले, कापूसवाल्या, मुकादम, मेंढरंवाले. मग माझ्याकडे वळले.

"सर, शाळंत तुमी काय शिकविता?"

"मराठी."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. आणि पुढे, "पाच न्हाई. सहा कमी होते."

"सहा कसे?"

"तुमाला मी पाव्हण्यात धरलं होतं. आता घरचे धरतो."

लग्नाच्या एकवीस वर्षांत मला कुणी इतक्या थोडक्यात घरचा म्हटलेलं नाही, आणि इतक्या थोडक्यात खाली उतरवलेलंही नाही.

मग सासऱ्यांनी हुकूम सोडला. रश्शात आधणाचं पाणी ओता, शेंगदाण्याचं कूट घाला, तिखट सढळ टाका. फोडी एका पानाला दोन, त्याच्यावर नाही. घरच्या एकाही माणसाने पातेल्याला हात लावायचा नाही. मेहुणा सकाळपासून उपाशी होता, बायको उपाशी, सासरे उपाशी.  उपाशी माणसांनी शांतपणे वाढलं आणि दोनदा जेवलेल्या माणसाने पाणी फिरवलं. बायकोने वाटेत मला गाठून एवढंच विचारलं, "तुमी कालबी तिला हेच शिकवलं का?" मी तांब्या घेऊन पुढच्या पानाकडे गेलो.

तिसरी पंगत उठली. रस्सा पुरला. पुरला म्हणजे, त्यातून खालची पत्रावळ स्पष्ट दिसत होती, पण कुणाचं पान कोरडं राहिलं नाही. जीपच्या ड्रायव्हरने हात धुताना सांगितलं की पुढच्या वर्षीबी याच वेळेला याच रस्त्यानं येतो. मेंढरंवाला म्हातारा काठी परत घ्यायला गेला आणि मेंढरं मोजून परत आला. ती बरोबर भरली, कारण ती त्याने मोजली.

मुलाणी चाचांनी पीराच्या पायरीशी ऊद घातला आणि सासऱ्यांना म्हणाले, "हो गया, मालक. सव्वाशे से ऊपर. कबूल."

तेव्हा कुठे सासरे सासूबाई बसल्या होत्या तिकडे गेले. मीही मागे गेलो. मला माफी मागायची होती, पण शब्द जुळत नव्हते. मराठीचा शिक्षक आहे ना.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. बायकोने इत्थंभूत सांगितलेलं होतं, त्यामुळे ऐकायचं काही उरलं नव्हतं. "फिटला का नवस?" त्यांनी विचारलं.

"फिटला."

"कितीक झाले?"

"लय झाले."

"त्यात मला धरलंय का?"

"घरचं माणूस धरायचं न्हाई, म्हणून..."

"ज्या बाईपायी एवढी बोकडं गेली, तिला कुनी एक पान मांडलं का?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळधरनं पेजेवर हाय मी. डॉक्टरनं आता समदं खा म्हणून सांगितलंय. तुमचं मोजणं झालं असंल तर आता वाढा."

मेहुण्याने पातेलं तिरपं करून बुडाचं खरवडलं. भात होता, रस्सा होता, फोड एकच निघाली, तीही हाडाची. सासऱ्यांनी स्वतः पत्रावळ मांडली. सासूबाई लिंबाखाली बसल्या. मध्ये दोन बैल मावतील एवढ्या अंतरानेही या दोघांना एकत्र जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण सासऱ्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि दुसरी पत्रावळ घेऊन शेजारी टेकले.

"आता तुमी कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"साथीला," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी ती एकुलती फोड उचलून त्यांच्या भातावर ठेवली. ते खाली बघून रस्सा कालवत राहिले. बराच वेळ कालवत राहिले.

मी तिथून हळूच सटकायला निघालो, तर मागून हाक आली.

"जावईबापू, कुठं चाललात? बसा इकडं. तुमाला तिसऱ्यांदा जेवायला काय अवघड हाय? सवय झाली असंल आता."

"मामी, मी आता..."

"बसा म्हणते ना. मला एकटीला ह्यांच्यासंगं गोड लागायचं न्हाई, हे कधी बोलत न्हाईत."

मी बसलो. मुलगी मेंढरं सोडून परत आली होती. तिने माझ्यासमोर पत्रावळ टाकली, तळाचा भात वाढला, वर दोन पळ्या रस्सा. रस्सा म्हणजे तिखट गरम पाणीच. त्याला बोकडाची आठवण तेवढी होती. ती माझ्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पप्पा, या पंगतीत तुमी किती टक्के?"

मी पंगत मोजली. सासूबाई, सासरे, मी.

"तेहतीस," मी म्हणालो.

"बरोबर," ती म्हणाली, आणि रश्शाचं भांडं घेऊन आईला वाढायला गेली.